मडमेचा दोर

शके अठराशे चौदा, चैत्र महिन्याचा वद्य पक्ष. स्थळ, जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेली उंबरदरा नावाची वाडी. वेळ, दुपारचे जेवण आटोपल्यानंतरची.

"हिला नवरा हाय?" चिंधूने मला विचारले.

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. मिस ऑगस्टा फेनविक यांनी टोपीवरची जाळी मागे सारली आणि त्या म्हणाल्या, "नाही, आणि त्याबद्दल मला खेदही नाही, असे सांगा."

"नाही," मी चिंधूला म्हणालो. वाक्याचा उत्तरार्ध मी गाळला.

"भाऊ?"

"होता. वारला."

"बाप? चुलता? कोन तरी आसंल की!"

"कोणी नाही."

चिंधूने मान हलवली आणि सभोवार बसलेल्या माणसांकडे पाहिले. "मंग दोर कोन धरनार?"

चिंधू हा त्या वाडीचा म्होरक्या. काळकड्यावरून दोराने खाली उतरून आग्या माश्यांची मोहोळे काढणे हा वाडीचा पिढीजात धंदा. त्याच कड्याच्या पोटात जोगणीची गुहा म्हणून एक कोरीव स्थान आहे अशी वदंता होती. मध काढणाऱ्यांवाचून ते कोणी पाहिलेले नव्हते, आणि मिस फेनविक यांना ते पाहावयाचे, रेखाटावयाचे आणि ग्रंथात घालावयाचे होते. वयाने पन्नाशीकडे झुकलेल्या, अंगाने काटक, उन्हाने विटेसारख्या भाजून निघालेल्या या बाईंनी आल्प्स आणि हिमालय या पर्वतांतील आपल्या प्रवासांवर दोन ग्रंथ लिहिले होते. तिसरा सह्याद्रीवर लिहावयाचा होता. मी, रंगनाथ घैसास, पुण्यातील एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. वय चोवीस. उन्हाळ्याच्या सुटीपुरता त्यांचा दुभाषी म्हणून मी त्यांच्याबरोबर आलो होतो. डोंगराशी माझा संबंध तोवर पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडे गेलेला नव्हता.

"आमच्यात दोर धरनारा म्हंजी मेव्हना," चिंधू सांगू लागला. त्या रानात अहो-जाहो कोणी करीत नसे. कलेक्टर आला तरी त्याला ते 'तू'च म्हणत. "आता ह्यो बुधा. ह्यो कड्यावर उतरतो. ह्याचा दोर लहू धरतो. लहूची बहीन बुधाच्या घरात हाय. बुधा पडला तर ती पोरं घिऊन कुनाच्या दारात उभी ऱ्हाईल? लहूच्या. म्हनून लहू दोर सोडीत न्हाई."

"आणि सख्ख्या भावाने धरला तर?" मी विचारले.

"सख्ख्या भावाला वावर भेटतं की," मागून एक बाई म्हणाली. ती बुधाची बायको आणि लहूची बहीण ठमा. "कवा कवा वहिनीबी भेटती."

सगळी वाडी हसली. बुधाचा भाऊ तेवढा हसला नाही.

मी हे सर्व भाषांतर करून सांगितले, वहिनीसुद्धा. मिस फेनविक मनापासून हसल्या. "फार शहाणा नियम आहे, मी तो लिहून ठेवीन. परंतु मला माणसाची गरज नाही. माझ्याजवळ विलायती दोर आहे. तो झाडाला बांधा. खडकाला बांधलेल्या दोरावर मी कितीदा तरी उतरले आहे."

चिंधूने ऐकून घेतले. "झाडाचं काय जातंय?" तो म्हणाला.

मी ते इंग्रजीत सांगितले. मिस फेनविक यांनी दोराचे वेटोळे मांडीवरून खाली ठेवले.

"हिच्या मुलखात तरी कोन हाय का," चिंधूने विचारले, "ही मेली तर रडनारं?"

हे वाक्य इंग्रजीत म्हणताना मी शक्य तितका सभ्यपणा त्यात घातला. बाई म्हणाल्या, "लंडनमधले माझे प्रकाशक. तिसरा ग्रंथ अपुरा राहिला तर ते खरोखरच रडतील."

प्रकाशक म्हणजे काय हे समजावून देण्यास मला बराच वेळ लागला. बाईंची पुस्तके छापून विकणारा माणूस, असे अखेरीस मी सांगितले.

"मंग त्येला आनायचा हुता संगं," ठमा म्हणाली.

दुभाष्याचे काम वास्तविक येथे संपत होते. परंतु समोर एखादा सिद्धान्त मांडला गेला आणि त्यात मला फट दिसली, तर स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नव्हते. पुण्यात माझे मित्र यासाठीच माझ्या घरी येत, आणि यासाठीच लवकर उठून जात.

"चिंधू," मी म्हणालो, "तुमचा नियम मेव्हण्याचा नव्हेच. तो नुकसानीचा आहे. उतरणारा मेल्याने ज्याचे नुकसान होते, त्याने दोर धरावा. मेव्हणा हे केवळ उदाहरण झाले. मान्य?"

"बरं," चिंधू म्हणाला.

"आता ही बाई पडली तर काय होईल? ही गोरी आहे. सरकार चौकशी करील. वाडीवर फौजदार येईल आणि तुम्हाला बांधून नेईल. म्हणजे तिच्या मरणाने नुकसान कोणाचे? तुमचेच. तेव्हा तुमच्याच नियमाने तुमच्यापैकी कोणीही तिचा दोर धरण्यास पात्र ठरतो."

पूर्वपक्षाचे खंडन पुरे झाल्यावर जे समाधान वाटते, ते मला वाटले.

"फौजदार यील," चिंधू म्हणाला. "पर त्यो येइस्तवर आमी खाली कोकनात. लहू कोन आन बुधा कोन, त्येला काय ठावं? आमची नावं सरकारात कुठं हायत?" मग त्याने माझ्याकडे पाहिले. "तुजं हाय?"

"माझे?"

"नाव. सरकारात लिवल्यालं हाय?"

"आहे," मी म्हणालो. "शाळेत आहे, नेमणुकीच्या हुकमात आहे..."

"मंग तू पळून कुठं जाशील?"

लागलीच त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"घरी कोन कोन?"

"आई. दोन बहिणी."

"बाप?"

"नाही."

"बहिनींची लगनं झाली?"

"अजून व्हावयाची आहेत."

चिंधू वाडीकडे वळला. "ह्याचं जातंय," तो म्हणाला, आणि पुरुषांनी माना डोलावल्या. कोणी हसले नाही. ठमा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली की जणू मी नुकताच त्या वाडीत जन्मास आलो होतो.

मी मिस फेनविक यांना निर्णय सांगितला.

"उत्तम!" त्या म्हणाल्या. "तुमचा युक्तिवाद मला फार आवडला. तुम्हाला दोर धरता येतो ना?"

"मी संस्कृत शिकवतो."

"त्याने काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या आणि बुटांचे बंद आवळू लागल्या.

काळकड्याचा माथा वाडीपासून दूर नव्हता. करवंदीच्या जाळ्या संपतात, मग थोडा उघडा कातळ लागतो, आणि मग काहीच लागत नाही. त्या काहीच नसण्याकडे मी एकदा पाहिले. खाली कोकण होते: एक नदी दोऱ्यासारखी, काही शेते टिकल्यांसारखी, आणि मध्ये घारी फिरत होत्या. घारींच्या पाठी मला वरून दिसत होत्या. मी कातळावर बसलो. पुन्हा उभा राहण्यास मला बुधाचा हात धरावा लागला.

कड्याच्या काठापाशी अंजनाचे एक जुने झाड होते. विलायती दोराचे वेढे त्याच्या बुंध्याभोवती घेतले गेले. त्यामुळे भार झाडावर पडे. परंतु मागचे टोक कोणी घट्ट धरलेले नसेल तर वेढे सैल पडत आणि दोर सुटत जाई. हे टोक धरणाऱ्याच्या उजव्या हातात. डावा हात बुंध्याच्या पुढे, काठाकडे ताणलेल्या दोरावर. ओढावयाची वेळ आली म्हणजे चार माणसे पुढे येऊन दोर ओढीत. एरवी ती मागे बसून राहत.

"दोराकडं बघू नको," लहूने मला शिकविले. "दरीकडं तर न्हाईच. डावा हात काय म्हनतो त्ये ऐक. एक हिसका आला, तर सोड. दोन आलं, थांब. तीन आलं, तर 'वढा' म्हन. तू म्हनशील तवाच आमी दोराला हात लावनार. आमी बोलनार न्हाई."

"मी चुकलो तर?"

"चुकलास तर चुकलास."

"पण तुम्हाला दिसत असेल की मी चुकतो आहे, तर? तेव्हाही बोलणार नाही? हे कोणत्या..."

"न्हाई," लहू म्हणाला. "मी तोंड घातलं तर दोर दोघांचा हुतो. मंग तुजा हात ढिला पडनार. माजं बघत बसशील."

मग तो मिस फेनविक यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तिलाबी ह्ये हिसकं सांग. आन म्हन, आत्ता जाऊ नको. सांजंला धूर दिऊन जावं. उन्हाची माशी तापल्याली आसती."

बाईंनी नकार दिला. कडा पश्चिमेकडे तोंड करून होता. गुहेत ऊन शिरण्याची वेळ तीच, आणि उजेडावाचून चित्र काढणे अशक्य. शिवाय मोहोळे उजव्या अंगाला होती आणि गुहा डाव्या. "मी काही मध चोरण्यास जात नाही," त्या म्हणाल्या. "माश्यांना माझ्याशी काय वैर?"

त्यांनी कमरेला आणि खांद्यांवरून दोर बांधून घेतला, जाळी तोंडावर ओढली, आणि त्या आपल्या दिवाणखान्यात वावरावे तशा मागे मागे चालत काठाकडे गेल्या. काठावर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मिस्टर घैसास, श्वास घ्या. तुम्ही तो मघापासून घेतलेला नाही."

मग गुडघे दिसेनासे झाले, मग खांदे, मग टोपी.

त्यानंतर त्या बाई माझ्यापुरत्या केवळ भार होऊन उरल्या. खाली काय चालले आहे हे दिसण्यास मार्ग नव्हता. कड्याचा वरचा भाग पुढे आलेला होता. डाव्या तळहातात एक हिसका येई, मी उजव्या हाताने थोडा दोर सोडी, अंजनाची साल करकरे, आणि पुन्हा हिसका येई. मला इतका घाम आला होता की दोर त्यानेच निसटेल असे वाटून मी हात धोतराला पुसू लागलो. परंतु हात पुसावयाचा तर दोर सोडावा लागतो, हे ध्यानात येताच मी पुन्हा मूठ आवळली. ज्या हातांनी मी तोवर लेखणीहून जड काही उचललेले नव्हते, त्यांत एक मनुष्य लोंबकळत होते. पडल्यावर बाईंना खाली पोचण्यास किती वेळ लागेल, हा विचार मनात येऊ नये म्हणून मी संस्कृत शब्दांची रूपे म्हणू लागलो आणि तीही विसरलो.

दोन हिसके आले. मी थांबलो. बहुधा त्या गुहेच्या तोंडाशी पोचल्या होत्या.

तेव्हा माझ्या समोरून, काठाच्या पलीकडे, एक मोठी घार पंख मिटून सरळ खाली गेली. त्या घारी मोहोळांवर झडप घालतात आणि पोळ्याचा लचका तोडून नेतात, हे मला मागाहून कळले. त्या वेळी मला केवळ एक आवाज ऐकू आला. प्रथम तो दूरच्या जात्यासारखा होता. मग कडाच घुमू लागल्यासारखा झाला.

"माशी!" बुधा ओरडला.

मागे धडपड झाली. चौघांनीही जमिनीवर लोळण घेऊन घोंगड्या अंगावर ओढल्या. काठावरून एक काळसर धूर वर आला, वळला, आणि तो धूर नव्हता. पहिली माशी मला कानाच्या पाळीवर चावली. पेटलेली काडी टेकवावी तशी वेदना मेंदूपर्यंत गेली, आणि उजवा हात, माझी अनुज्ञा न घेता, कानाकडे निघाला.

दोर सरकला.

फार नाही, हातभर सरकला असेल. परंतु झाडावरून तो सुटत गेल्याचा फर्र असा आवाज झाला आणि तळहाताची कातडी त्याबरोबर गेली. मी दोन्ही मुठी आवळल्या. दोर थांबला. खालून काहीच ऐकू आले नाही, ओरडणेही नाही.

मग डाव्या हातात एक थरथर येऊ लागली. तो एक हिसका नव्हता, दोन नव्हते, तीनही नव्हते. ती अखंड होती. ती खालून येत होती की माझाच हात कापत होता, हे मला ठरविता येईना. वर ओढावे तर बाई माश्यांच्या ऐन लोटातून वर येणार. खाली सोडावे तर खाली काय आहे हे मला ठाऊक नाही. थांबावे तर त्या कदाचित येथेच, माझ्या हातात, मरतील. तीनही पक्षांचे खंडन माझ्याजवळ तयार होते.

"लहू!" मी ओरडलो. "लहू, काय करू?"

घोंगडी हलली नाही.

"लहू, बोल! ती मरते आहे! एक शब्द बोल!"

घोंगडीखालून शब्द आला नाही. माश्या आता माझ्या मानेवर, पापण्यांवर, शेंडीच्या मुळाशी होत्या. मी तोंड उघडे तेव्हा त्या तोंडात येत. पळावे, हा विचार माझ्या मनात आला असे म्हणणे कमी होईल; माझे पाय पळू लागलेच होते, टाचा कातळावर घासत होत्या, आणि हात तेवढे मागे राहिले होते.

तेव्हा करवंदीच्या जाळीतून ठमाचा आवाज आला. "मास्तर! बहिनींची नावं काय?"

मला वाटले, मला भ्रम झाला.

"तुज्या बहिनींची नावं सांग! वरडून सांग!"

"द्वारकी!" मी ओरडलो.

"आन दुसरी?"

"वेणू!"

"आनिक सांग! थांबू नको!"

"द्वारकी! वेणू! द्वारकी! वेणू!"

मागाहून कळले की बुधा कड्यावर असताना ती आपल्या पोरांची नावे अशीच भावाला ऐकवीत बसते. तेव्हा मला काहीही कळत नव्हते. मी डोळे मिटून, माश्या थुंकत, दोन परकऱ्या मुलींची नावे सह्याद्रीला ऐकवीत होतो. दर नावाबरोबर मूठ आवळली जाई; नाव संपले की सैल पडेलसे वाटे, म्हणून मी लगेच दुसरे घेई. माझा घसा बसला. नावे आवाजावाचून निघू लागली. तरीही मी थांबलो नाही, कारण थांबल्यावर काय होईल हे पाहण्याचे धैर्य मजजवळ नव्हते.

किती वेळ गेला हे मी सांगू शकत नाही. तो घुमणारा आवाज हळूहळू खाली गेला. डाव्या हातातली थरथर विरत विरत थांबली, आणि ती थांबताच मला पूर्वीपेक्षा अधिक भय वाटले. मेलेले शरीरही स्थिरच असते. मी वाट पाहिली. दोर गप्प होता.

मग एक हिसका आला. मग दुसरा. तिसरा इतका उशिरा आला की त्या अवधीत मी बाईंच्या मृत्यूचे वर्तमान मनातल्या मनात दोनदा पुण्यास कळविले होते.

"ओढा," मी म्हणालो. आवाज निघाला नाही. "ओढा!"

घोंगड्या उडाल्या. चौघे पुढे धावले, आणि ते ओढू लागले तसतसा मी मागचा दोर घेत गेलो. काठावर आधी एक हात आला. तो सुजून हातासारखा दिसत नव्हता. मग फाटलेली जाळी, आणि तिच्या आत मिस फेनविक यांचे तोंड. एक डोळा पूर्ण मिटला होता. बुधा आणि लहू यांनी त्यांना खांद्याखाली धरून सावलीत नेले.

मी होतो तेथेच बसून होतो. दोर आता निकामी झाला होता. तरी माझ्या मुठी उघडेनात. बुधाने परत येऊन माझी बोटे एकेक करून दोरावरून सोडवली.

ऊन कलले तेव्हा आम्ही सर्व करवंदीच्या जाळीपाशी बसलो होतो. ठमा बाईंच्या मानेतले काटे नखाने उपटीत होती.

"हालू नको गं! डुकरिनीवानी सुजलीस."

"काय म्हणते?" मिस फेनविक यांनी विचारले.

"स्वस्थ पडा म्हणते," मी म्हणालो. माझे ओठही सुजले होते. दोन्ही भाषा मला सारख्याच जड जात होत्या.

बाई उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी गुहेच्या उंबऱ्यापर्यंत पोचले होते. आत खांब आहेत. खांबांवर काही कोरलेले आहे. ते काय आहे हे मला दिसले नाही. म्हातारबुवांना विचारा, मला उद्या पुन्हा सोडतील का?"

हे भाषांतर करू नये असे मला वाटले. परंतु मी दुभाषी होतो. मी केले, आणि चिंधू 'नाही' म्हणेल या आशेने त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

चिंधू चिलीम ओढीत होता.

"तिला इचार," तो म्हणाला, "भ्याली का."

उत्तर मला ठाऊक आहे अशी माझी खात्री होती. बाईंचे दोन्ही ग्रंथ मी वाचले होते. हिमकडे कोसळतात, दोर तुटतात, वाटाडे दरीत जातात, आणि हे सर्व त्यांनी हवापाण्याचे वर्णन करावे तसे लिहिले होते. भीती हा शब्द त्यांत कोठेही नव्हता. मी प्रश्न विचारला.

मिस फेनविक यांनी ठमाचा हात बाजूला केला आणि त्या उठून बसल्या.

"होय," त्या म्हणाल्या. "माझ्या खाली काही नव्हते. वर तुम्ही कोणाची तरी नावे ओरडत होता. ती नावे थांबली तर काय, याची मला फार भीती वाटली. इतकी पूर्वी कधी वाटली नव्हती." मग त्यांनी विचारले, "ती कोणाची नावे?"

"माझ्या बहिणींची."

त्यांनी मान हलवली. मी चिंधूकडे वळून त्यांचे उत्तर सांगितले. या वेळी एकही शब्द गाळला नाही.

चिंधूने चिलीम दगडावर उलटी करून झाडली.

"आता हिचंबी जातंय. मंग उद्या सोडू," तो म्हणाला. "दोर ह्योच धरंल."